पिशवीत मावणारा, हवेत पुरा पसरणारा : प्रवासी हॅमसाठी तारेचा अँटेना

प्रवासाला निघणारा नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, पहिली चूक बहुधा दुकानातच करतो. तो मिळेल तेवढा लहान अँटेना शोधतो. मीही तेच केले होते. पहिल्यांदा रेडिओ संच घेऊन कोकणात गेलो तेव्हा माझ्याजवळ सव्वा मीटरची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची आणि बुडाशी वेटोळे असलेली दांडी होती. मुक्कामाच्या घराच्या गच्चीवरील लोखंडी कठड्याला ती अडकवून मी ७ मेगाहर्ट्झवर सकाळभर हाका मारल्या. मला सगळे ऐकू येत होते, मी मात्र कोणालाच ऐकू जात नव्हतो. दुसऱ्या दिवशी यजमानांना विचारून अंगणातल्या आंब्यावर वीस मीटर साधी तार टाकली, आणि त्याच संचाच्या त्याच ५ वॅटमध्ये चहा निवायच्या आत पहिले केंद्र लागले. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो : अँटेना पिशवीत लहान असावा, हवेत नव्हे. ही कसोटी सांभाळणारा, घरी बनवता येणारा आणि पाव किलोच्या आसपास वजनाचा तारेचा अँटेना कसा तयार करावा, प्रवासात तो कसा उभारावा आणि कुठे उभारू नये, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

लहान दांडी का हरते

मीटरमधील तरंगलांबी काढण्यासाठी ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर येते. या लांबीपुढे १.२ मीटरची दांडी इतकी तोकडी असते की तिचा प्रारण-रोध, म्हणजे ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर टाकण्याच्या क्षमतेचे माप, गणिताने एक तृतीयांश ओहमच्या जवळपास भरतो. दांडीच्या बुडाशी असलेल्या वेटोळ्याचा रोध मात्र काही ओहम असतो आणि जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध त्याहून बराच जास्त असू शकतो. प्रवाह या सर्वांतून एकाच वेळी वाहतो, त्यामुळे संचातून निघालेल्या १० वॅटपैकी बहुतेक शक्ती वेटोळे आणि माती तापवण्यात संपते आणि हवेत अर्धा वॅट गेला तरी नशीब समजावे. मापकावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारे गुणोत्तर (एक म्हणजे उत्तम), सुरेख दिसतो, कारण मापक फक्त शक्ती परत आली की नाही एवढेच सांगतो. ती कुठे गेली हे सांगत नाही.

चुंबकीय वळ्याचा अँटेना हा लहान जागेसाठी चांगला पर्याय आहे, परंतु वारंवारता थोडी बदलली तरी तो पुन्हा जुळवावा लागतो आणि त्याच्या धारित्रावर (कपॅसिटरवर) थोड्या वॅटमध्येही मोठा व्होल्टेज चढतो, म्हणून तो नवख्याच्या हाती पहिला अँटेना म्हणून देऊ नये. मध्यातून केबल जोडलेला द्विध्रुव, म्हणजे डायपोल, गुणाने उत्तम असतो, परंतु त्याला दोन टोकांना दोन आधार आणि मध्ये केबलचे वजन पेलणारा तिसरा आधार लागतो. प्रवासात एक झाड मिळाले तरी पुष्कळ. म्हणून मी टोकाला केबल जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची शिफारस करतो. हॅम मंडळी तिला ‘एंड-फेड’ म्हणतात.

तार हाती घेण्यापूर्वी : परवाना

भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना व केंद्रनाम (कॉलसाइन) मिळाल्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. इतकेच नव्हे, तर परवान्याशिवाय प्रक्षेपक जवळ बाळगणेही नियमबाह्य ठरते. परवान्यावर केंद्राचे ठिकाण नोंदवलेले असते, म्हणून त्या पत्त्याव्यतिरिक्त अन्यत्र किंवा वाहनातून केंद्र चालवण्याविषयीच्या अटी प्रवासापूर्वी शब्दशः वाचाव्यात आणि जिथे पूर्वसूचना किंवा परवानगी लागते तिथे ती आधीच घ्यावी. आपल्या श्रेणीला वारंवारतेचे कोणते पट्टे (बँड) आणि किती शक्ती मंजूर आहे, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे. परदेशात जाताना भारतीय परवाना सोबत आपोआप चालत नाही. त्या देशाची परवानगी निघण्यापूर्वी मिळवावी लागते आणि तिला कधीकधी आठवडे लागतात. पुढील सर्व उदाहरणे १४.००० ते १४.३५० आणि ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील आहेत.

ट्रान्सफॉर्मर वळणे

अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाशी व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी असतो, म्हणून तिथला रोध अडीच हजार ओहमच्या घरात जातो, तर आपला संच आणि केबल ५० ओहमची असतात. ही दरी सांधण्यासाठी ४९ ला १ या प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. ५० गुणिले ४९ म्हणजे २४५०, आणि रोधाचे प्रमाण वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाइतके असल्यामुळे वेढे ७ ला १ या प्रमाणात घ्यावे लागतात.

त्यासाठी ४३ क्रमांकाच्या मिश्रणाची फेराइटची कडी घ्यावी. १० वॅटसाठी ‘एफटी-११४-४३’ पुरते, थोडी अधिक शक्ती वापरायची असल्यास ‘एफटी-१४०-४३’ घ्यावी. नावातील ११४ आणि १४० हे आकडे कडीचा बाह्य व्यास १.१४ इंच आणि १.४० इंच असल्याचे सांगतात. सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीची इनॅमलची तांब्याची तार कोणत्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सुटी मिळते. तिथे ती वाइंडिंग वायर म्हणून मागावी. कडीवर या तारेचे एकूण १४ वेढे घ्यावेत आणि दुसऱ्या वेढ्याशी तारेचे इनॅमल खरवडून तिथे एक फाटा काढावा. कडीच्या भोकातून तार एकदा गेली की एक वेढा झाला, ही मोजणी पक्की ध्यानात ठेवावी, कारण बाहेरून मोजणारे हमखास एका वेढ्याने चुकतात आणि दोन वेढ्यांच्या जागी एक किंवा तीन झाले की सगळे प्रमाण बिघडते.

आता जोडणी. वेटोळ्याचे सुरुवातीचे टोक केबलच्या बाहेरील जाळीला, दुसऱ्या वेढ्यावरील फाटा केबलच्या मधल्या तारेला आणि चौदाव्या वेढ्याचे टोक अँटेनाच्या तारेला जोडावे. केबलच्या बाजूला, म्हणजे जाळी आणि मधली तार यांच्या दरम्यान, १०० पिकोफॅरडचे व निदान १ किलोव्होल्ट सहन करणारे धारित्र लावावे. त्यामुळे वरच्या पट्ट्यांतील जुळणी सुधारते. हे सगळे विजेच्या फिटिंगच्या छोट्या प्लॅस्टिक जंक्शन बॉक्समध्ये बसवून त्याला केबल जोडण्यासाठी बीएनसी सॉकेट, तारेसाठी एक पंखनट आणि ओढ पेलण्यासाठी एक भोक ठेवावे. तारेची ओढ सोल्डरवर कधीही येऊ देऊ नये. ती भोकातून ओवलेल्या दोरीच्या फासावर यावी.

बॉक्स बंद करण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. तारेच्या जागी २.२ किलोओहम आणि २७० ओहम असे दोन रोध एकापुढे एक जोडावेत. त्यांची बेरीज २४७० ओहम, म्हणजे आपल्याला हव्या त्या आकड्याला अगदी लागून. मग नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारे मापनयंत्र लावून ७ आणि १४ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर पाहावा. तो दीडच्या आत दिसला तर ट्रान्सफॉर्मर बरोबर आहे. ही चाचणी यंत्रावरच घ्यावी. त्या दोन चिमुकल्या रोधांवर संचाची शक्ती सोडली तर ते जळतील. त्याच बैठकीत मल्टिमीटरही लावून पाहावा. सॉकेटची मधली पिन आणि बाहेरील कडे यांच्यामध्ये जवळपास शून्य ओहम दिसतील आणि नवखा माणूस शॉर्ट झाला म्हणून घाबरेल. हे दोन वेढ्यांतून जाणारे सरळ तांबे आहे. एकदिश प्रवाहाला ते शॉर्टच दिसते, रेडिओ वारंवारतेला दिसत नाही.

तार कापणे, म्हणजे कमी कापणे

अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची मीटरमधील अंदाजी लांबी १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ अशी काढतात. १४.१५ मेगाहर्ट्झसाठी ती १०.०७ मीटर आणि ७.१ मेगाहर्ट्झसाठी २०.०७ मीटर येते. प्लॅस्टिकचे आवरण, झाडाची जवळीक आणि जमिनीपासूनची उंची यांनी हा आकडा थोडा मागेपुढे सरकतो, म्हणून सुरुवातीला १०.५ मीटर तार घ्यावी. अर्धा चौरस मिलिमीटरची बहुतारी लवचीक वायर चालते. एकतारी वायर दोन-चार सहलींत वाकण्याच्या जागी तुटते.

ही तार घराजवळच्या मोकळ्या जागेत, प्रवासात लावाल साधारण तशीच लावून मोजावी. समजा, एसडब्ल्यूआर सर्वांत कमी १३.७० मेगाहर्ट्झवर दिसला. तर हवी ती लांबी म्हणजे १०.५ गुणिले १३.७० भागिले १४.१५, म्हणजे जवळजवळ १०.१७ मीटर. याचा अर्थ ३३ सेंटीमीटर कमी करायचे आहेत, परंतु कात्री लगेच उचलू नये. टोकाचे ३० सेंटीमीटर मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळावेत, पुन्हा मोजावे, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी आकडा पटला तरच कापावे. मी स्वतः तर कापतच नाही. दुमडलेला भाग तसाच ठेवतो आणि त्याच्या घडीचा फास करून टोकाची दोरी बांधतो.

यानंतर आणखी दहा मीटर तारेचा दुसरा तुकडा करावा आणि दोन्ही तुकड्यांमध्ये बनाना पिनची जोडणी ठेवावी. पिन सुटी असताना तार १४ मेगाहर्ट्झवर अर्धी लहर असते आणि २८ मेगाहर्ट्झच्या आसपास पूर्ण लहर असल्यामुळे तिथेही चालते. पिन जोडली की वीस मीटरची तार ७ मेगाहर्ट्झवर अर्धी लहर होते आणि तिच्या पटींमुळे १४, २१ व २८ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी जुळते. मग पिन सुटी कशाला करायची, असे कोणी विचारेल. याचे उत्तर जागा असे आहे. लॉजच्या मागच्या अंगणात दहा मीटर मिळतात, वीस मिळत नाहीत.

एसडब्ल्यूआर एकावर आणण्याच्या नादी लागू नये. तो २ असताना सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते, आणि एवढ्याने समोरच्याच्या कानाला काही फरक पडत नाही. त्या आकड्यासाठी तासभर खर्च करण्यापेक्षा तार दोन मीटर उंच नेण्यासाठी दहा मिनिटे खर्च करावीत.

केबल आणि तिचे अंतःस्थ राजकारण

टोकातून शक्ती घेणाऱ्या तारेला परतीचा थोडासा मार्ग लागतोच. वेगळी तार दिली नाही तर केबलच्या जाळीची बाहेरील बाजू ते काम अंगावर घेते, आणि मग केबलही अँटेनाचा भाग होते. हे नेहमी वाईट नसते, पण ती लहर संचापर्यंत आली तर माइक धरलेल्या ओठांना चटका बसतो, आवाज घोगरा जातो किंवा संच आपोआप बंद पडतो. यासाठी दोन उपाय एकत्र करावेत. ट्रान्सफॉर्मरच्या जाळीच्या टोकाला १४ मेगाहर्ट्झसाठी एक मीटर आणि ७ मेगाहर्ट्झसाठी दोन मीटर जोडतार लावून ती जमिनीवर मोकळी सोडावी. आणि संचाजवळ केबलचे आठ-दहा वेढे दुसऱ्या फेराइट कडीवर घेऊन तिथे अडथळा निर्माण करावा.

केबल पाच ते सात मीटर पुरते. आरजी-१७४ ही बारीक केबल पिशवीत छान बसते आणि लघुलहरींवर एवढ्या लांबीत तिचा तोटा सोसण्यासारखा असतो. हीच केबल १४५ मेगाहर्ट्झच्या हातातल्या संचाला लावू नये. तिथे दहा मीटरमध्ये अर्ध्याहून अधिक शक्ती तिच्यातच मुरते.

जागेवर पोहोचल्यावर

पिशवी उघडण्यापूर्वी मान वर करून चारी दिशांना पाहावे. विजेची तार दिसली, मग ती घराची सर्व्हिस वायर असो वा ११ किलोव्होल्टची वाहिनी, तर आपली तार तुटून, सुटून किंवा वाऱ्याने उडूनही तिच्यापर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे. तसे अंतर मिळत नसेल तर जागा सोडून द्यावी. रेल्वेच्या कडेला हा विचारही मनात आणू नये, कारण रुळांवरील तारेत २५ किलोव्होल्ट असतात आणि कोकण रेल्वेचा पूर्ण मार्गही २०२२पासून विजेवर आहे. वीजवाहिनीनंतर पाहायची गोष्ट म्हणजे मोहोळ. आग्यामाश्यांचे पोळे उंच झाडाला किंवा कड्याला लटकत असेल आणि आपण त्या दिशेने वजन बांधलेली दोरी भिरकावली, तर पुढचा प्रसंग रेडिओचा राहत नाही.

गड-किल्ल्यांवर संरक्षित स्मारकाच्या तटाला, बुरुजाला किंवा देवळाला दोरी बांधू नये, खिळा तर मुळीच ठोकू नये. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घ्यावी. नौदल, तटरक्षक दल, रडार, विमानतळ अशा आस्थापनांच्या आसपास संच काढू नये, मग परवाना कितीही नियमात असो. गावात मुक्काम असेल तर यजमानांना आणि शक्य असल्यास पोलीस पाटलांना आधी सांगावे. झाडावर तार टाकून कानाला यंत्र लावलेला अनोळखी माणूस कोणालाही संशयास्पदच वाटतो. परवान्याची छापील प्रत हाताशी असली की संभाषण लवकर गोड होते. मला तर अशा चौकशीतून दोनदा जेवणाचे आमंत्रण मिळाले आहे.

जागा ठरली की तार चढवण्याचे काम. गवंडी भिंतीची रेघ धरायला ताणतात तसली नायलॉनची पातळ, भडक रंगाची दोरी पंचवीस मीटर घ्यावी आणि तिच्या टोकाला दोनशे-अडीचशे ग्रॅम वाळूची शिवलेली पुरचुंडी बांधावी. दगड बांधू नये. तो निसटतो आणि फांदीत अडकला की सुटत नाही. दोरी आधी जमिनीवर सैल पसरावी, माणसे व मुले मागे सरकवावीत आणि हात खालून वर झोके देत फेकावे. हवी ती फांदी पहिल्याच फेकीत क्वचितच मिळते. पुरचुंडी फांदीवरून पलीकडे खाली आली की दोरीला तारेचे टोक बांधून ओढावे, परंतु तारेचे टोक पानांच्या आत शिरू देऊ नये. शेवटचा मीटरभर भाग दोरीचाच असावा. टोकाशी व्होल्टेज सर्वाधिक असते. १० वॅटवरही २४५० ओहमच्या टोकाशी शिखर व्होल्टेज सुमारे २२० भरते, आणि १०० वॅटवर ७००. म्हणून तारेचे कोणतेही टोक प्रक्षेपण चालू असताना माणसाच्या किंवा जनावराच्या हाताला लागता कामा नये.

झाड एकच असेल तर ट्रान्सफॉर्मर कमरेच्या उंचीवरील खुंटाला बांधून तेथून तार तिरकी वर न्यावी. दोन्ही टोके खाली आणि मध्य उंच असा उलटा ‘व्ही’ही चांगला चालतो, आणि वीस मीटरच्या तारेला तोच सर्वांत सोयीचा. झाड नसेल तर सरकत्या नळ्यांची फायबरग्लासची काठी न्यावी. मासेमारीच्या काठ्यांत कार्बन फायबरच्या काठ्याही मिळतात, त्या नको. कार्बन वीज वाहतो आणि तार जुळत नाही. कोकणात सात-आठ मीटरचा कळक शेजारच्या वाडीत मागितला तरी मिळतो आणि तो वाळलेला असेल तर काम चोख करतो.

समुद्रकिनारी मात्र विचार बदलावा. खारे पाणी उभ्या अँटेनाच्या लहरी क्षितिजाजवळच्या कोनात फार थोड्या तोट्याने परावर्तित करते, म्हणून दहा मीटरची तार काठीवर उभी करून भरतीच्या रेषेजवळ लावली तर १४ मेगाहर्ट्झवर दूरची केंद्रे ऐकून आश्चर्य वाटते. भरतीची वेळ पंचांगात पाहून बसावे, नाहीतर संच उचलून पळावे लागते. याउलट जांभ्याच्या कोरड्या सड्यावर जमीन वीज वाईट वाहते. तिथे जमिनीवर तारांचे जाळे पसरून लावायच्या चतुर्थांश लहरीच्या दांडीपेक्षा ही अर्ध्या लहरीची तार बरी, कारण तिला जमिनीतून येणारा परतीचा प्रवाह फारच थोडा लागतो.

किती उंच, आणि कोणाशी बोलायचे

नवख्याचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. रत्नागिरीत बसून १४ मेगाहर्ट्झवर पुण्याच्या मित्राला बोलावले तर बहुधा तो ऐकणार नाही, आणि त्याच वेळी युरोपातले केंद्र उत्तर देईल. १४ मेगाहर्ट्झची लहर आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, फार उभ्या कोनात परतत नाही, त्यामुळे जमिनीवरून सरळ जाणारी लहर जिथे संपते आणि वरून परतणारी जिथे उतरते त्यांच्यामध्ये एक मुका पट्टा राहतो. पुणे त्या पट्ट्यात येते. राज्यातल्या राज्यात, तीन-चारशे किलोमीटरपर्यंत बोलायचे असेल तर दिवसा ७ मेगाहर्ट्झ घ्यावा आणि तार मुद्दाम पाच-सहा मीटरवरच ठेवावी. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि छत्रीसारखी खाली पसरते. आपण विषुववृत्तापासून फार लांब नसल्याने दुपारी आयनांबर ही वारंवारता सहसा परत पाठवते. डोंगरामागच्या गावाला मदत मागण्यासाठी हाच मार्ग उपयोगी पडतो. लांबच्या केंद्रांसाठी तार जमेल तेवढी उंच न्यावी आणि १४ मेगाहर्ट्झवर संध्याकाळ धरावी.

प्रवासातले असे केंद्र अडचणीच्या वेळी किती मोलाचे ठरते याचे उदाहरण डिसेंबर २००४चे आहे. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा गट दूरसंपर्काच्या हौसेने अंदमानात गेला होता, आणि त्सुनामी आली तेव्हा त्यांचे पोर्ट ब्लेअरचे केंद्र निरोपांच्या देवाणघेवाणीचे साधन झाले.

आधी ऐका

तार चढल्यावर लगेच बोलू नये. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातील १८ दीपकेंद्रे, म्हणजे ठरलेली खूण आपोआप पाठवणारी केंद्रे (बीकन), पाळीपाळीने प्रक्षेपण करतात. प्रत्येकाला दहा सेकंद मिळतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र मोर्समध्ये आपले नाव सांगते आणि मग चार लांब सूर पाठवते : पहिला १०० वॅटचा, दुसरा १० वॅटचा, तिसरा १ वॅटचा आणि चौथा एक दशांश वॅटचा. या क्षणी कोणाची पाळी आहे हे मोबाइलवरील अ‍ॅप दाखवते, त्यामुळे मोर्स येत नसले तरी चालते. महाराष्ट्राच्या सर्वांत जवळचे दीपकेंद्र श्रीलंकेतील ‘४एस७बी’ आहे. त्याचा पहिला आणि दुसरा सूर ऐकू आला तर तुमच्या १० वॅटलाही त्या दिशेने वाट मोकळी आहे असे समजावे. फक्त पहिलाच ऐकू आला तर तार हलवावी किंवा पट्टा बदलावा. या वारंवारतेवर आणि तिच्या अगदी शेजारी स्वतः कधीही प्रक्षेपण करू नये.

मग पट्टा फिरवून स्पष्ट ऐकू येणारे, हाका मारणारे केंद्र शोधावे आणि त्याला उत्तर द्यावे. ७ मेगाहर्ट्झवर बोलण्यासाठी संचावर खालची बाजूपट्टी (एलएसबी) आणि १४ वर वरची (यूएसबी), हा संकेत पाळावा. कमी शक्तीत स्वतः ‘सीक्यू’, म्हणजे कोणीही उत्तर द्या अशी हाक, पुकारत बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या हाकेला ओ देणे फळते. प्रवासातून बोलत असल्यास केंद्रनामानंतर ‘स्ट्रोक पी’ (पोर्टेबल) लावण्याची रीत पाळावी आणि नोंदवहीत वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून, लिहावी. संच कोणता हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. ५ किंवा १० वॅटचा कोणताही परवानाप्राप्त संच चालतो, आणि हातचे सोल्डर चांगले असेल तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्स कुळातील संचही या तारेवर मजेत बोलतात.

विमान, बॅटरी आणि वळीव

१२.८ व्होल्टची साडेचार अँपिअर-तासांची लिथियम लोहफॉस्फेट बॅटरी ५७.६ वॅट-तासांची असते. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॅट-तासांपुढे विमान कंपनीची संमती लागते, म्हणून ही बॅटरी पुरेशी मोठी आणि तरीही सोयीची आहे. तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत. तारेचे भेंडोळे, बॅटरी आणि छोटी पेटी क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर एकत्र दिसली की सुरक्षा कर्मचारी थांबवणारच; तीन वस्तू तीन पिशव्यांत ठेवाव्यात आणि परवाना व संचाची पावती वरच्या खणात असावी.

एप्रिल-मेमधील वळवाच्या दुपारी आणि परतीच्या पावसात डोंगरावर ही तार लावू नये. ढग दिसण्याआधीच संचात खडखड ऐकू येऊ लागते. ती मिनिटागणिक वाढू लागली की केबल संचापासून काढून बाहेर टाकावी आणि स्वतः खाली उतरावे. तार उतरवण्याचा मोह धरू नये. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे, आणि पंधरा रुपये मीटरची वायर झाडावर राहिली तर राहू द्यावी.

उतरवणे

काम संपले की तारेच्या टोकाची गाठ सोडून दोरी एकटी फांदीवरून ओढून घ्यावी. गाठीसकट ओढली तर ती बेचक्यात अडकते. तार पतंगाच्या आसारीवर मांजा गुंडाळतात तशी, परंतु आठच्या आकड्यात गुंडाळावी. गोल गुंडाळलेल्या तारेला पीळ पडतो आणि पुढच्या वेळी पहिला अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. समुद्रावरून आल्यावर तार, पंखनट आणि सॉकेट गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, बॉक्स उघडून आत ओल शिरली आहे का ते पाहावे, आणि पिशवीत ठेवण्यापूर्वी वाळूच्या पुरचुंडीची शिवण तपासावी. माझी एकदा हवेतच उसवली होती.